घाटात इंजिन खुळखुळतंय? महागडं पेट्रोल भरण्याआधी हे तपासा

यवतेश्वरचा चढ लागला की बॉनेटखालून खुळखुळ सुरू होते. पाय काढला की बंद, दाबला की परत चालू. साताऱ्यात टर्बो पेट्रोल आणि स्पोर्ट्स गाड्या घेऊन येणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे. पावसाळा सरता सरता कासच्या फुलांसाठी पुण्या-मुंबईच्या गाड्या वर चढायला लागल्या की ती आणखी वाढते. मालकाचं पुढचं वाक्यही ठरलेलं असतं. एकतर "दादा, प्रीमियमच टाकतोय, तरी वाजतंय," नाहीतर "साधं टाकलं म्हणून बिघडलं का हो?" दोघांनाही उत्तर एकच: पेट्रोल हे एक कारण आहे, एकमेव नाही. स्वस्तातली कारणं आधी बाजूला काढली तर बऱ्याच गाड्या गॅरेजचा जॅक न बघताच बऱ्या होतात.

लक्षणं

आवाज बारीक, धातूचा, डब्यात फुटाणे हलवल्यासारखा. तो इंजिनावर भार असतानाच येतो: चढ, वरचा गियर, आरपीएम दोन हजाराच्या खाली, एसी चालू, गाडीत माणसं भरलेली. पहाटे पाचला पुण्याकडे निघालात तर खंबाटकीत काहीच नाही आणि दुपारी दोनला पसरणी घाट चढताना हमखास, असा प्रकार असेल तर नॉकिंगची, म्हणजे इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण अवेळी आपणहून पेटण्याची, शंका पक्की धरा. हवा तापली की नॉकिंग वाढतं.

सोबत ओढ कमी होते, मायलेज उतरतं. नव्या गाड्यांत कधी कधी आवाज येतच नाही, फक्त "पूर्वीसारखी पळत नाय" एवढंच जाणवतं. तेही याच दुखण्याचं लक्षण असू शकतं, कारण इंजिनाचा संगणक आवाज ऐकू येण्याआधीच ठिणगी उशिरा पाडून नॉकिंग दाबून टाकतो आणि त्याची किंमत ताकदीत वसूल करतो.

आता जे आवाज या दुखण्याचे नाहीत, ते. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर दोन-तीन सेकंद खडखड होऊन थांबत असेल तर टायमिंग चेन आणि तिचा टेन्शनर बघावा लागेल. गाडी जागेवर उभी असताना सारखी बारीक टिकटिक येत असेल तर डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत तो इंजेक्टरचा नेहमीचा आवाज असतो. ठरावीक आरपीएमलाच पत्रा थरथरल्यासारखं वाजत असेल, गाडी उभी असतानाही, तर सायलेन्सरच्या वरच्या हीट शील्डचा बोल्ट ढिला झालाय. या तिन्हींवर शंभर ऑक्टेनचं महागडं पेट्रोल ओतलं तरी काही होणार नाही.

मुळात वाजतं का

सिलिंडरमध्ये ठिणगी पडली की ज्योत एका टोकाकडून दुसरीकडे पसरत जाते. पसरताना ती पुढचं न जळलेलं मिश्रण दाबते आणि तापवते. ज्योत पोहोचण्याआधीच ते कोपऱ्यातलं मिश्रण आपलं आपण पेटलं की दाबाचा धक्का बसतो. तोच आपल्याला खुळखुळ म्हणून ऐकू येतो. ऑक्टेनचा आकडा सांगतो की पेट्रोल असं आपणहून पेटण्याला किती दाद देत नाही. मोजपट्टी साधी आहे: एन-हेप्टेनला शून्य, आयसो-ऑक्टेनला शंभर. या आकड्यात 'शक्ती' कुठेही नाही. ९५ ऑक्टेनच्या लिटरात ९१ पेक्षा जास्त ऊर्जा भरलेली असते, हा समज पंपावरच्या पोस्टरांनी पसरवलाय.

तेव्हा स्पोर्ट्स गाडीला प्रीमियम लागतं का? गाडी कशी दिसते आणि मागे कुठला बिल्ला लावलाय याच्याशी त्याचा संबंध नाही. कॉम्प्रेशन किती, टर्बो किती दाब देतो आणि कंपनीनं इंजिन कोणत्या पेट्रोलवर बसवलंय, एवढंच बघायचं. फोर्ड मस्टँगचं पाच लिटरचं व्ही-८ इंजिन घ्या. अमेरिकेतल्या मॅन्युअलमध्ये त्याला साधं ८७चं पेट्रोल चालतं (हा तिकडच्या मोजणीचा आकडा, आपलं साधारण ९१-९२). उलट पोर्शे ९११ सारखी गाडी ९८ ऑक्टेन धरून बांधलेली असते. दोन्ही स्पोर्ट्स गाड्याच.

अमेरिकेच्या एएए या मोटार संघटनेनं २०१७ मध्ये एक चाचणी घेतली. ज्या गाड्यांना प्रीमियमची नुसती शिफारस असते, सक्ती नसते, अशाच गाड्या त्यात होत्या. सरासरी मायलेज २.७ टक्के वाढलं आणि ताकद १.४ टक्के. तुमची गाडी लिटरला बारा देत असेल तर ती सव्वाबारा-साडेबाराच्या मध्ये कुठेतरी जाईल. पैशांचा हिशेब तुमचा तुम्ही करा.

पहिलं: झाकण उघडा आणि वाचा

खर्च शून्य. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला स्टिकर असतो, नसेल तर मॅन्युअलमध्ये इंधनाचं पान असतं. तिथं शब्द नीट वाचा. 'किमान ९१' आणि 'शिफारस ९५' असं लिहिलं असेल तर ९१ वर इंजिनाला धोका नाही, तापलेल्या दुपारी जरा मंद वाटेल इतकंच. 'किमान ९५' असेल तर घासाघीस करू नका, तेवढंच भरा.

इथं एक मोठा घोळ होतो. लोक इंटरनेटवर अमेरिकेतल्या मालकांचं वाचतात, '९१ म्हणजे प्रीमियम'. आपल्या पंपावर ९१ म्हणजे साधं. दोघंही खरं बोलतायत, कारण मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत. आपण आणि युरोप जो आकडा लिहितो त्यापेक्षा अमेरिकी पंपावरचा आकडा चार-पाचानं कमी असतो. त्यांचं ८७ म्हणजे आपलं साधारण ९१-९२, त्यांचं ९१ म्हणजे आपलं ९५-९६. बाहेरून आणलेल्या गाडीच्या झाकणावर कुठला आकडा छापलाय ते बघूनच बोला.

आणखी एक. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून साधं पेट्रोल पूर्वीचं राहिलेलं नाही. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन शंभराच्या वर आहे, आणि पेट्रोलियम मंत्रालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितल्याप्रमाणे अशा मिश्रणाचा आकडा ९५ च्या घरात जातो. म्हणून नॉकिंगपुरतं बघितलं तर आजचं साधं पेट्रोल लोक समजतात तितकं लेचंपेचं नाही. मायलेज मात्र थोडं उतरणारच, कारण इथेनॉलच्या लिटरात पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. २०२३ च्या आधीची गाडी असेल तर मॅन्युअलमध्ये इथेनॉलची मर्यादा किती लिहिलीय तेही बघून घ्या.

दुसरं: गियर

हेही फुकट, आणि माझ्या मते निम्मा आजार इथंच आहे. सहा गियरची गाडी घेतली की सहाव्यातच चालवायची, मायलेज मिळतं, असं कुणीतरी सांगितलेलं असतं. टर्बो गाडी १,५०० आरपीएमला वरच्या गियरात ठेवून घाटात पाय गच्च दाबला की इंजिनाचे फेरे कमी आणि दाब प्रचंड. मिश्रणाला तापायला भरपूर वेळ मिळतो. नॉकिंगला याहून सोयीची वेळ नाही.

पुढच्या वेळी तोच चढ एक गियर खाली घेऊन, अडीच-तीन हजारावर चढून बघा. ऑटोमॅटिक असेल तर एस मोडला टाका किंवा पॅडलनं खाली घ्या. आवाज गेला तर तुमच्या गाडीत काही बिघाड नाही. उजवा पाय तेवढा हलका करायला शिका.

डायरेक्ट इंजेक्शन टर्बोमध्ये कमी फेऱ्यांवर एक वेगळाही प्रकार होतो. त्यात ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं. खुळखुळ नसते, एकच जड 'ठक्' ऐकू येतो. तो पिस्टन फोडू शकतो. असा आवाज आला तर पुढचं सगळं सोडा आणि थेट शेवटच्या भागाकडे जा.

तिसरं: टाकीत काय आहे

गाडी महिनोन् महिने झाकून ठेवलेली होती का? स्पोर्ट्स गाड्यांचं हे नेहमीचं आहे: पावसाळाभर कव्हरखाली आणि दसऱ्याला बाहेर. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतात आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन घसरतो. म्हणजे भरताना चांगलं होतं तेच पेट्रोल टाकीत बिघडतं. साताऱ्यातला पाऊस आणि अर्धी रिकामी टाकी, दोन्ही एकत्र येऊ देऊ नका. गाडी ठेवायचीच असेल तर टाकी भरून ठेवा.

पंपाबद्दल शंका असेल तर भांडण न करता फिल्टर पेपर मागा. हा ग्राहकाचा हक्क आहे. नोझल पुसून कागदावर एक थेंब टाकायचा. उडून गेल्यावर तेलकट डाग राहिला तर भेसळीचा संशय. घनताही विचारा: पंपावर त्या दिवशीची नोंद लिहिलेली असते आणि तपासणीत तिच्यापेक्षा ३ किलो प्रति घनमीटरहून जास्त फरक यायला नको. मी लोकांना एवढंच सांगतो की जिथं गर्दी असते तिथं भरा. महागडं पेट्रोल जिथं फारसं खपत नाही तिथं ते टाकीत पडून राहतं, आणि आडबाजूच्या पंपावर ते घेण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

आता प्रयोग. टाकी जवळपास रिकामी होऊ द्या, मग लागोपाठ दोन टाक्या ९५ ऑक्टेन भरा आणि तोच घाट, तीच वेळ, तोच गियर ठेवून चढा. दोन टाक्या अशासाठी की संगणकाला नवीन पेट्रोल ओळखून ठिणगीची वेळ पुढे आणायला थोडा प्रवास लागतो, शिवाय आधीचं शिल्लक पेट्रोल मिसळलेलं असतं. या दिवसांत बाकी काहीही बदलू नका. लोक प्रीमियम भरतात, त्याच दिवशी इंजेक्टर क्लीनर ओततात, फिल्टरही बदलतात आणि मग कशानं बरं झालं ते देवालाही सांगता येत नाही.

आवाज गेला तर इंजिनाला जास्त ऑक्टेन लागतं, हे ठरलं. तरीही पुढच्या तपासण्या करा, कारण आतल्या काजळीमुळेही गाडी अचानक जास्त ऑक्टेन मागू लागते. आवाज तसाच राहिला तर साध्यावर परत या आणि पैसे वाचवा. ९५ चं पेट्रोल लिटरमागे काही रुपयांनीच महाग पडतं, पण शंभर ऑक्टेनचं साध्याच्या जवळपास दीडपट. औषध म्हणून ते ओतत राहणं म्हणजे दुखणं झाकणं.

चौथं: इंजिन गार राहतंय का

इंजिन थंड असतानाच कूलंटची पातळी बघा. गरम इंजिनाचं झाकण कुणीही, कितीही घाई असली तरी, उघडू नये. मग पुढच्या जाळीतून टॉर्च मारा. एसीचा कंडेन्सर, इंटरकूलर आणि रेडिएटर एकामागे एक असतात आणि त्यांच्या फटीत किडे, चिखल आणि लाल धूळ बसलेली असते. उसाचे ट्रॅक्टर चालू असतात त्या मोसमात पाचटाचे तुकडेसुद्धा निघतात. इंटरकूलर बुजला की टर्बोनं दाबलेली गरम हवा तशीच आत जाते. नॉकिंगला तेवढं पुरतं. साध्या नळाच्या पाण्यानं धुवा. प्रेशर वॉशर जवळ नेला की पाती वाकतात.

एअर फिल्टर याच वेळी काढून झटका. काढलाच आहे तर हवेच्या पाइपांवरून हात फिरवा. उंदीर! गाडी शेताजवळच्या बंगल्यात उभी असेल तर व्हॅक्यूमच्या बारीक रबरी नळ्या कुरतडलेल्या सापडतात. मोजणीतून निसटलेली जादा हवा आत गेली की मिश्रण पातळ होतं, तापतं आणि वाजतं. दहा-वीस रुपयांची नळी असते, पण ती सापडेपर्यंत मालकानं चार टाक्या प्रीमियमच्या जाळलेल्या असतात.

पाचवं: स्कॅनर आणि प्लग

इथून पुढे थोडा खर्च आहे. ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारा, ब्लूटूथ अडॅप्टर घ्या, मोबाइलला जोडा. आकडे शेजारी बसलेल्यानं बघायचे, चालवणाऱ्यानं नाही. तीन गोष्टी बघा. आत जाणाऱ्या हवेचं तापमान: चालत्या गाडीत ते बाहेरच्या हवेपेक्षा फारच वर राहत असेल तर इंटरकूलरकडे परत जा. इग्निशन टायमिंग: पाय दाबल्यावर ते वारंवार मागे कोसळत असेल तर संगणकाला नॉकिंग ऐकू येतंय. आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक ठरल्यापेक्षा किती टक्के जादा किंवा कमी पेट्रोल देतोय तो आकडा: जुन्या गाडीत इथेनॉलमुळे हा थोडा अधिककडे झुकतोच, पण दहा टक्क्यांच्या वर सतत असेल तर हवेची गळती किंवा पेट्रोलचा कमी पुरवठा शोधावा लागेल.

कोड असतील तर लिहून ठेवा, पुसू नका. पी०३२५ म्हणजे नॉक सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ. पी०३०० म्हणजे गाडी मिस मारतेय, सिलिंडरमधलं मिश्रण पेटायचं चुकतंय. मेकॅनिककडे जायच्या आधी कोड पुसणारे लोक पुराव्याला पाणी लावून येतात.

प्लग काढायचे तर इंजिन पूर्ण गार हवं. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये गरम असताना हात घातला तर आटे जातात आणि मग खर्च कुठल्या कुठे जातो. प्लगचा नंबर मॅन्युअलशी ताडून बघा. 'रेसिंगचे' म्हणून कुणीतरी विकलेले चुकीच्या हीट रेंजचे प्लग हे नॉकिंगचं नेहमीचं कारण आहे. प्लगचं टोकच निखाऱ्यासारखं तापलं की ठिणगीची वाट न बघता मिश्रण पेटवतं. टोक विटकरी-करडं असेल तर ठीक. पांढरंफटक, फुगलेलं असेल तर इंजिन फार तापतंय. पांढऱ्या चिनी मातीवर चकचकीत बारीक कण चिकटलेले दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. गाडी तिथंच उभी करा.

ऑइलही याच वेळी बघून घ्या. डायरेक्ट इंजेक्शन टर्बोला मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या दर्जाचंच ऑइल हवं. वर सांगितलेला 'ठक्' टाळण्यासाठी एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेचे एसएन प्लस आणि नंतर २०२० मध्ये एसपी हे दर्जे आले. ऑइलमधला डिटर्जंट त्यासाठी बदलला गेला. नुसतं 'फुल सिंथेटिक' असं डब्यावर लिहिलेलं पुरत नाही.

सहावं: गाडी जुनी घेतलीय का

हा प्रश्न मी आता सगळ्यात आधी विचारायला लागलोय, तपासणी मात्र अवघड म्हणून इथं लिहितोय. पुण्या-मुंबईहून घेतलेल्या सेकंडहँड टर्बो गाड्यांत आधीच्या मालकानं रिमॅप केलेलं असतं. संगणकातले आकडे बदलून ताकद वाढवलेली, आणि ते सगळं ९७ किंवा १०० ऑक्टेन धरून. विकताना कुणी सांगत नाही. नवीन मालक झाकणावर 'किमान ९१' वाचतो, साधं भरतो आणि कपाळाला हात लावतो. या गाडीपुरता तो स्टिकर खोटा झालेला असतो.

आधीच्या मालकाला फोन करून सरळ विचारा. एअर फिल्टरच्या जागी उघडा शंकू, मोठा सायलेन्सर, बदललेला इंटरकूलर यांपैकी काही दिसलं तर संशय घ्या. खात्री अधिकृत सर्व्हिस सेंटर किंवा रिमॅप करणारा जाणकारच करू शकतो. त्यानंतर दोनच वाटा: त्या ट्यूनला लागेल तेच पेट्रोल कायम भरा, किंवा गाडी मूळ ट्यूनवर आणा. साताऱ्यातून कोकणात उतरायचं असेल तर शंभर ऑक्टेन वाटेत प्रत्येक गावी मिळणार नाही, म्हणून मी दुसरी वाट सुचवतो.

इथं हात थांबवा

काजळी हा उरलेला मोठा संशयित. पिस्टनच्या माथ्यावर काजळीचा थर बसला की कॉम्प्रेशन वाढतं आणि तो थर तापून राहतो. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये इनटेक व्हॉल्व्हवरून पेट्रोल वाहत नाही, तेव्हा तिथली काजळी पेट्रोलमध्ये काहीही मिसळलं तरी धुतली जात नाही. बोअरस्कोपनं, म्हणजे आत घालायच्या बारीक कॅमेऱ्यानं, बघून मगच सफाई ठरवावी. न बघता 'डिकार्बन करून घ्या साहेब' म्हणणाऱ्याला आधी आतला फोटो दाखवायला सांगा.

हे काम, नॉक सेन्सर बदलणं, आणि इंजेक्टर किंवा हाय प्रेशर पंपाला हात लावणं घरी करायचं नाही. डायरेक्ट इंजेक्शनच्या लाइनमध्ये १५० ते ३५० बारपर्यंत दाब असतो. नट सैल केला की निघणारी पेट्रोलची धार कातडीत घुसते. नॉक सेन्सरचा बोल्टसुद्धा ठरलेल्या टॉर्कनंच आवळावा लागतो, नाहीतर तो ऐकतो भलतंच.

चेक इंजिनचा दिवा नुसता लागला तर सावकाश गॅरेज गाठता येतं. तो लुकलुकायला लागला तर गाडी मिस मारतेय आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला जाळतंय. बाजूला घ्या, बंद करा. तापमानाचा काटा चढला, जड 'ठक्' ऐकू आला, ऑइलचा दिवा लागला, किंवा एक गियर खाली घेऊन आणि योग्य पेट्रोल भरूनही खुळखुळ सपाट रस्त्यावर चालूच राहिली, तरी तेच. घाटात असाल तर वळणावर थांबू नका, रुंद जागा बघून थांबा, त्रिकोण मागे लांब ठेवा. दोर बांधून ओढत आणू नका. गाडी वर चढवून नेणारा सपाट पाठीचा ट्रक (फ्लॅटबेड) बोलवा. खाली बसक्या गाडीचा पुढचा बंपर आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दोन्ही त्यातच वाचतात.

मेकॅनिकला देताना "वाजतंय" एवढंच सांगू नका. कुठल्या चढाला, कितव्या गियरात, किती आरपीएमला, इंजिन चालू होऊन किती वेळानं, शेवटचं पेट्रोल कुठलं आणि कधी भरलं, हे कागदावर लिहून द्या. शेजारच्यानं फोनवर आवाज रेकॉर्ड केलेला असेल तर उत्तम, काच खाली करून आणि गाणी बंद करून. एक फेरी मेकॅनिकला शेजारी बसवून त्याच घाटात मारा, कारण सपाट रस्त्यावर ती गाडी शहाण्यासारखीच वागणार.